घरी बनवलेली आरएक्स मिठावर पळवायची आहे, सुरुवात कुठून करू?

लेथवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आमचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. लेथ, एक जुनं मिलिंग, आर्गन सेट, पाईप बेंडर सगळं हाताशी, आणि दिवसभर दुसऱ्यांचे शाफ्ट नि बुश करून झाले की संध्याकाळी स्वतःचं काहीतरी करायला हात शिवशिवतात. माळ्यावर यामाहा आरएक्स हंड्रेडचं एक इंजिन पडलंय, क्रँक शाबूत, गिअरबॉक्स शाबूत, सिलिंडर अजून स्टँडर्ड बोअरचा. चेसिस कधीच भंगारात गेली. सध्याचे आरएक्सचे भाव बघता पूर्ण गाडी घेऊन कापायची हिंमत नाही, आणि कापलीच तर गल्लीतली पोरं मला कापतील.

डोक्यात असं आहे की लांब, बुटकी, फक्त सरळ पळणारी गाडी बनवायची. ड्रॅग (थोड्या अंतराची सरळ शर्यत) नको, त्यातले एक्स्पर्ट आमच्याकडं गल्लोगल्ली आहेत. मला टॉप स्पीड पायजे, अमेरिकेत बॉनव्हिलला मिठाच्या मैदानावर घेतात तसं. तिथपर्यंत मी जाईन न जाईन, पण गाडी त्यांच्या नियमात बसेल अशीच बनवायची, उगाच शोपीस नको.

आता प्रश्न. आधी इंजिनाला हात घालू का चेसिसला? चेसिसला साधा ईआरडब्ल्यू (वेल्डिंगच्या जोडाचा) पाईप चालेल का सीमलेसच (बिनजोडाचा) घेऊ? टायर कुठला? आणि टेस्टिंग कुठं करायचं? मित्र म्हणतात टेम्पोत टाकू नि कच्छच्या रणात जाऊ, मीठ ते मीठच. बजेट फार नाही, वेळ भरपूर आहे. बाबांची एकच अट, लेथ मोकळा असेल तेव्हाच कर.

फुकट_फौजदार

शंभर सीसी घेऊन बॉनव्हिल 😂 भावा तिथं २०१० साली दोन सुझुकी हायाबुसाची इंजिनं टर्बो लावून एकाच गाडीत बसवली होती आणि ६०५ किमीनी गेली ती. तू आरएक्स घेऊन जाणार, तिकडचे लोक चहा पिऊन येतील तोवर तुझी गाडी फिनिशला पोचायची आहे. एखादी जुनी बुसा बघ नाहीतर नाद सोड.

मिठागर_युटा

फौजदार साहेब, ती ॲक अटॅक, पूर्ण बंद कवचातली स्ट्रीमलायनर. ती वेगळी दुनिया आहे, त्यांचं एका सीझनचं टायरचं बिल आपल्याला झेपायचं नाही. पण त्याच मैदानावर त्याच आठवड्यात ५० सीसीचा पण क्लास असतो, १०० चा पण, १२५ चा पण, आणि ३००० पर्यंत. तिथे तुमची गाडी बुसाशी लढत नाही, स्वतःच्या क्लासच्या रेकॉर्डशी लढते. त्यामुळे १०० सीसी हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही.

मी मूळचा सांगलीचा, सध्या सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. ऑगस्टात बॉनव्हिलच्या स्पीड वीकला ओळखीच्या एका टीमच्या पिटमध्ये पडेल ते काम करतो, म्हणजे बहुतेक वेळ गाडी पुसणे आणि सावली धरणे. पण त्यामुळे टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे पळवायच्या आधीच्या गाडीच्या तपासणीला, काय होतं ते जवळून बघायला मिळतं, म्हणून लिहितोय, मोठं होईल.

लेथवाले, तुम्ही विचारलंत इंजिन आधी का चेसिस आधी. दोन्ही नाही. नियमांचं पुस्तक आधी. तिथे क्लास तीन गोष्टींवर ठरतो, इंजिनाची सीसी, गाडीची रचना आणि इंधन. कंपनीची चेसिस ठेवून बदल केले तर मॉडिफाईड, चेसिस स्वतः बनवली तर स्पेशल कन्स्ट्रक्शन, म्हणजे ए. त्यावर अर्धवट फेअरिंग (हवा कापायचं कवच) घातलं की एपीएस. साधं पेट्रोल असेल तर जी, नायट्रो मिथेनॉल असलं काही असेल तर एफ. तुमच्याकडे चेसिसच नाहीये म्हणजे तुम्ही आपोआप ए किंवा एपीएसमध्ये आलात, १०० सीसी, जी. हे आधी कागदावर लिहून वर्कशॉपच्या भिंतीला चिकटवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्याला विचारून घ्यायचाय. पेट्रोलच्या क्लासमध्ये तर पेट्रोल पण तिथलंच घ्यावं लागतं आणि टाकीला सील मारतात.

आता हवा. बहुतेक लोक इथेच वाहवत जातात, सगळा जीव इंजिनात ओततात. हवेला कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. म्हणजे वेग १० टक्के वाढवायचा तर पॉवर ३३ टक्के जास्त पायजे. धरून चालू की तुमचं आरएक्स ट्यून होऊन चाकावर २० एचपी देतंय (कंपनीतून ११ यायची). सरळ बसलेला माणूस आणि उघडी गाडी असेल तर माझ्या गणिताने साधारण १२५ किमीला गाडी अडकते. तेच इंजिन, माणूस टाकीवर पालथा, कोपरं आत, पाय मागे आणि पुढे नीट फेअरिंग, की १५० च्या आसपास. हाच फरक नुसत्या इंजिनातून काढायचा म्हटलं तर २० च्या जागी ३५ एचपी लागेल, शंभर सीसीत शोधा कुठे मिळते ते.

१९४८ मध्ये रॉली फ्री नावाचा माणूस याच बॉनव्हिलवर व्हिन्सेंट मोटारसायकल घेऊन आला होता. लेदरचा सूट घालून ताशी १४८ मैलांच्या आसपास गेला, पण वाऱ्याने सूट फाटला. मग काय, पोहायची चड्डी घातली, डोक्याला पोहायची टोपी, आणि सीटवर पोटावर झोपून मागे पाय लांब करून गेला, १५०.३१३ मैल. मधल्या वेळात इंजिनाला हातही लावला नव्हता. आज असं कुणी करू देणार नाही हे वेगळं सांगायला नको, पूर्ण लेदर, हेल्मेट, बूट, हातमोजे सगळं तपासतात.

फेअरिंगला एक मर्यादा आहे ती आत्ताच समजून घ्या. एपीएसमध्ये बाजूने आणि वरून बघितलं की हात आणि पुढची कोपरापर्यंतची बाजू सोडून सगळा रायडर दिसला पायजे. म्हणजे स्वतःला पूर्ण डबीत बंद करून घेता येत नाही. बाकी चेसिस, पाईप, टायर यावर नंतर लिहितो, इथे रात्रीचे दोन वाजलेत.

लेथवाला_कोल्हापूर

दादा लई भारी. १२५ आणि १५० चं गणित बघून झोप उडाली. म्हणजे मी सहा महिने पोर्टिंग (सिलिंडरच्या हवेच्या वाटा) घासत बसलो असतो आणि हँडल वर ठेवून बसलो असतो 😅

धूरवाला_पुणे

मिठागर साहेबांचं हवेचं सगळं मान्य, पण इंजिन एवढं सोपं समजू नका. २० एचपी असं लिहून टाकलं की येत नाही. आणि येतं तेव्हा ड्रॅगसाठी येतं, जिथं इंजिनाला फुल थ्रॉटल दहा-बारा सेकंद सोसायचं असतं. तुमच्याकडे मैल-दोन मैल थ्रॉटल पूर्ण उघडा राहणार आहे. टू स्ट्रोकला हे म्हणजे शिक्षा. ड्रॅगचं जेटिंग (कार्ब्युरेटर किती पेट्रोल सोडतो ते), ड्रॅगचा स्क्विश (पिस्टन नि हेडमधली फट), ड्रॅगचा टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) घेऊन गेलात तर अर्ध्या वाटेत पिस्टनला भोक नाहीतर सीझ, म्हणजे पिस्टन आतच जाम. आणि तुम्ही पोटावर झोपलेले असणार, मागचं चाक लॉक झालं तर काय होईल विचार करा. डावी दोन बोटं कायम क्लचवर, ही सवय आत्तापासून लावा.

माझं म्हणणं पॉवर थोडी कमी काढा पण इंजिन थंड ठेवा. हेड मोठ्या पाकळ्यांचं करून घ्या, तुमच्याकडे मिलिंग आहेच, बिलेटमधून बनवा. फेअरिंग लावणार असाल तर सिलिंडरला हवा जायला तोंड आणि गरम हवा बाहेर पडायला जागा दोन्ही ठेवा, नुसतं तोंड ठेवून उपयोग नाही, हवा आत कोंडते. एक्झॉस्टला टेंपरेचर मीटर लावा, लॅम्डा (ऑक्सिजन सेन्सर) नको टू स्ट्रोकला, तेलाने खराब होतो. आणि प्लग चॉप करायला शिका. म्हणजे फुल थ्रॉटलमध्ये क्लच दाबून लगेच किल स्विच बंद, गाडी ढकलत आणायची नि प्लग काढून बघायचा. पोर्सेलिनच्या मुळाशी जी रिंग दिसते ती वाचायची, वरचा रंग नाही. वरचा रंग गाडी आयडलला चालली तरी बदलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे अजून कुणी सांगितलं नाही. आरएक्सचा बोअर ५०, स्ट्रोक ५०. सीसी येतात ९८.१७. सिलिंडर बोअर करून ०.२५ चा ओव्हरसाईज पिस्टन घातला की ९९.१६. आणि ०.५० घातला की १००.१५. झालं, १०० च्या क्लासमधून बाहेर, १२५ मध्ये, जिथं लोक ग्रांप्रीची वॉटरकूल्ड इंजिनं घेऊन येतात. म्हणजे तुमच्याकडे आयुष्यात एकच बोअर शिल्लक आहे. सिलिंडरला जीव लावा. रेकॉर्ड झालं तर इंजिन उघडून मोजतात असं ऐकलंय, मिठागर साहेब सांगतील.

मिठागर_युटा

मोजतात. आणि बोअरचं गणित एकदम बरोबर, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्टँडर्ड सिलिंडर मिळालाय हे लेथवाल्यांचं नशीब.

लेथवाला_कोल्हापूर

आयला. ०.५० चा पिस्टन किट आणून ठेवणार होतो उद्या. वाचलो.

रस्ता_सोडू_नका

मी इंजिनाबद्दल काही बोलणार नाही, ते रणाचं काय ते बोलतो कारण ते वाचून पोटात गोळा आला.

कच्छचं रण म्हणजे मोकळं मैदान नव्हे. मोठं रण सरहद्दीला लागून आहे, परवाना काढून ठरलेल्या जागेपर्यंतच जाता येतं, पुढे बीएसएफ. शिवाय बराच भाग अभयारण्य आहे. छोट्या रणात रानगाढवांचं अभयारण्य, तिथं शंभरच्या वेगाने गाडी पळवणं हा गुन्हा तर आहेच पण समोर गाढव आलं तर दोघंही जाणार. आणि मीठ ते मीठच हे सर्वात धोक्याचं. रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं, हिवाळ्यात वरचा थर वाळतो पण खाली चिखल तसाच. वरून पांढरंशुभ्र कडक दिसतं, पाय ठेवला तर चालतं, दीडशे किलोची गाडी दोन इंचाच्या टायरवर गेली की चाक आत. मी तिथं उंटगाडी फसलेली बघितलीय.

दुसरं, रस्त्यावर टेस्टिंग करायचा मोह होईल. हायवे रात्री मोकळा असतो वगैरे. नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं. कलम १८९ रेसिंगचं. तुमच्या गाडीला तर पासिंगच नाही, नंबर नाही, इन्शुरन्स नाही. रस्त्यावर एखादी म्हैस जरी आडवी आली तरी सगळं तुमच्या अंगावर. ही गाडी कायम टेम्पोतूनच फिरणार हे धरून चाला.

कायदेशीर जागा म्हणाल तर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते, लोणावळ्याजवळ, पण ती पाव मैलाची ड्रॅग आहे. टॉप स्पीड येणार नाही पण गाडी सरळ जाते का, ब्रेक लागतात का, हे लोकांच्या देखरेखीखाली, अँब्युलन्स उभी असताना बघता येईल. आधी त्यांच्याशी बोलून घरी बनवलेली चेसिस घेतात का ते विचारा. खरा टॉप स्पीडचा ट्रॅक म्हणजे इंदूरजवळ पिथमपूरचा नॅट्रॅक्स, ११.३ किलोमीटरचा ओव्हल, २०२१ मध्ये सुरू झाला. पण तो कंपन्यांसाठी आहे, भाडं एकट्याला परवडायचं नाही. दहा-पंधरा जण मिळून दिवस घेता आला तर बघा.

फुकट_फौजदार

म्हणजे बनवायची कोल्हापुरात आणि पळवायची कुठंच नाही. मी म्हटलंच होतं.

ॲडलेडची_वहिनी

फौजदार भाऊजी, जगात मीठ फक्त युटात नाहीये. इथे साऊथ ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनर आहे. मार्चमध्ये ड्राय लेक्स रेसर्सचा स्पीड वीक असतो. माझा नवरा आणि त्याचे मित्र जुनी बाईक घेऊन जातात, मी जेवणाची आणि नियमांची फाईल सांभाळते, म्हणजे खरं काम माझं 🙂

लेथवाले भाऊ, तुम्हाला कधी पाठवावीशी वाटली तर दोन गोष्टी. एक, इथे बायोसिक्युरिटी फार कडक आहे. टायरच्या खाचेत, चेसिसच्या पाईपमध्ये, साखळीच्या कव्हरखाली माती सापडली तर गाडी अडवून तुमच्या खर्चाने धुतात, नाहीतर परत. त्यामुळे चेसिस बनवताना पाईपची सगळी टोकं वेल्डिंगने बंद करा, माती शिरायला जागाच नको. दोन, ते तळं नॅशनल पार्कमध्ये आहे. गाडी उभी केली की खाली ताडपत्री अंथरायची, तेलाचा एक थेंब मिठावर पडलेला चालत नाही. टू स्ट्रोकवाल्यांनी हे विशेष वाचावं 😄 पाऊस झाला की सगळं रद्द, तयारी ठेवायची. आणि मुक्काम माउंट आइव्ह स्टेशनच्या बाजूला, कच्च्या रस्त्याने, आसपास दुकान नाही. पाण्यापासून कांद्यापर्यंत सगळं सोबत न्यायचं.

मिठाची पकड कशी असते ते पण सांगते, कारण नवऱ्याला पहिल्यांदा धक्का बसला होता. नुकत्याच सारवलेल्या अंगणात सायकल घातली तर कशी जाते, साधारण तसं. चाक थोडं घसरतच पुढे जातं. मागचं चाक जेवढं फिरतं तेवढं अंतर गाडी जात नाही. त्यामुळे स्पीडोमीटरवर विश्वास ठेवू नका, तो खोटं बोलतो, टायमिंगची चिठ्ठीच खरी.

मिठागर_युटा

वहिनींनी बरोबर सांगितलं, बॉनव्हिलला पण तेच. म्हणूनच मिठावर हलकी गाडी नेहमी चांगली असं नाही, लोक मुद्दाम शिसं बांधतात. तुम्हाला शिसं लागणार नाही पण हलकं करायच्या नादात पाईप पातळ घेऊ नका. ईआरडब्ल्यू का सीमलेस, तर सीमलेस घ्या. मुख्य गोष्ट जिग, म्हणजे वेल्डिंग करताना पाईप जागेवर धरणारा साचा. हेडस्टॉक आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आहेत का हे तुमच्या वर्कशॉपमध्ये सरफेस प्लेटवर मिलीमीटरच्या आत मोजता येईल, आणि तेच घरी बनवणाऱ्या बहुतेकांना जमत नाही. तुमची खरी ताकद लेथ नाही, मोजमाप आहे.

व्हीलबेस लांब ठेवा. आरएक्सचा १२४० मिमी आहे, त्याच्या बराच पुढे जा. पुढच्या फोर्कचा कोन जरा जास्त झुकवा, ट्रेल (फोर्कची रेष नि टायर जमिनीला टेकतो ती जागा यातलं अंतर) वाढवा, गाडी वळायला जड होईल पण आपल्याला वळायचंच नाहीये. मागचे शॉकअब काढून रिजिड केलेल्या गाड्या तिथे बऱ्याच असतात. स्टिअरिंग डॅम्पर लावाच. आणि फेअरिंग करताना एक बघा की वाऱ्याचा जोर गाडीच्या वजनाच्या मध्याच्या मागे पडला पायजे. पुढे मोठं नाक आणि मागे काहीच नाही असं केलं तर बाजूचा वारा नाक ढकलतो आणि गाडी डुलायला लागते. बर्ट मन्रोच्या गाडीचं कवच दिसायला सुंदर होतं पण वेगात ती गाडी अशीच डुलायची, त्याच्या पोटात पण गोळा यायचा.

मन्रोचं नाव आलंच आहे तर फौजदारांसाठी. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिलचा माणूस, गाडी १९२० ची इंडियन स्काऊट, नवी होती तेव्हा ताशी ५५ मैल जायची. घराच्या शेडमध्ये पिस्टन स्वतः ओतायचा, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कोरून काढले. ६०० सीसीचं इंजिन वाढवत ९५० पर्यंत नेलं. १९६७ ला बॉनव्हिलवर वयाच्या ६८ व्या वर्षी १००० सीसीच्या आतला रेकॉर्ड केला. तेव्हा १८३.५८६ मैल लिहिला गेला, २०१४ मध्ये त्याच्या मुलाने हिशेबाची चूक दाखवल्यावर १८४.०८७ करून दिला. शिरोलीला एवढ्या फाउंड्री आहेत, मन्रोकडे त्यातली एक असती तर काय केलं असतं त्याने.

आता टायर. टायरवर शेवटी एक अक्षर असतं. पी म्हणजे १५० पर्यंत, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०. गल्लीत मिळणाऱ्या बऱ्याच बारीक टायरवर जे, एल, एम असतं, म्हणजे १००, १२०, १३०. तुमचं गणित दीडशेचं आहे तर पी वर थांबू नका, एस किंवा त्यावरचा बघा, बारीक आणि गोल. व्हॉल्व्हला धातूची टोपी, प्लास्टिकची नाही, कारण वेगात पिन उघडते.

आणि टेक इन्स्पेक्शन. इन्स्पेक्टर म्हातारा असतो, शांत असतो, आणि टॉर्च घेऊन खाली झोपतो. तेलाचा ड्रेन प्लग, ॲक्सलचे नट, ब्रेक कॅलिपर, सगळ्याला सेफ्टी वायर मारलेली बघतो. म्हणजे बोल्टच्या डोक्याला आरपार बारीक भोक, त्यातून स्टीलची तार, पिळून शेजारच्या बोल्टला, अशी की बोल्ट सुटायला लागला तर तार घट्ट होईल. उलटी मारली असेल तर परत पाठवतो, काही बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो. एक मिलीच्या ड्रिलने बोल्टच्या षटकोनी डोक्यात तिरकं भोक पाडणं हे तुम्हाला माहितीय किती त्रासाचं, ड्रिल तुटतातच. त्यासाठी छोटी जिग बनवून ठेवा. किल स्विचची दोरी मनगटाला बांधलेली, रायडर पडला की इंजिन बंद. थ्रॉटल हात सोडला की स्वतःहून मिटला पायजे. साखळी तुटली तर पायाला लागू नये असं गार्ड. पेट्रोलचा कॉक बसल्या जागेवरून हाताला येणारा.

पैशाचं पण एक. गाडी परत आणायची असेल तर ड्युटी भरू नका, एटीए कार्नेट (तात्पुरत्या आयातीचं कागदपत्र) काढा, भारतात ते फिक्की या उद्योगसंघटनेकडे मिळतं. अमेरिकेत त्याशिवाय पर्यावरण आणि वाहतूक खात्याचे रेसिंग गाडीचे फॉर्म वेगळे.

धूरवाला_पुणे

जेटिंगचं एक राहिलं. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंच. बॉनव्हिल १२८० च्या वर, त्यात ऑगस्टचं ऊन. म्हणजे कोल्हापूरचं जेटिंग तिथं रिच (पेट्रोल जास्त) होणार, पॉवर कमी पण पिस्टन सुरक्षित, मेन जेट लहान करत जायचं. वहिनींचं तळं मात्र जवळपास समुद्रसपाटीला. तिथं सकाळच्या गार हवेत कोल्हापूरचं जेट घेऊन गेलात तर लीन (पेट्रोल कमी). तिकडं जाताना डबीत मोठे जेट जास्त भरून न्या, आणि पहिली रन कायम रिच.

लेथवाला_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार, हे सगळं प्रिंट काढून भिंतीला लावलंय, बाबांनी पण चष्मा लावून वाचलं आणि सेफ्टी वायरची जिग त्यांनी स्वतःच मागितली बनवायला.

रण रद्द. आधी पुठ्ठ्याचं फेअरिंग करून बघणार, मग चेसिस. पण दादा, पुठ्ठ्याचं केल्यावर ते चांगलं का वाईट हे कळणार कसं? आमच्याकडं काय विंड टनेल नाही. उंची कमी केली तर गुडघे बाहेर येतात, गुडघे आत घेतले तर डोकं वर येतं. दोन्हीतलं कुठलं कमी वाईट?

मिठागर_युटा

पूर्ण उत्तर टनेलशिवाय मिळणार नाही पण निम्मं मिळेल, समोरून किती क्षेत्रफळ हवेला आडवं येतंय ते घरी मोजता येतं. गाडीवर तयार होऊन बसा, मागे पांढरी चादर. गाडीच्या बरोबर बाजूला एक मीटरची पट्टी उभी धरा. मित्राला तीसेक मीटर लांब उभा करून झूम लावून समोरून फोटो काढायला सांगा, जवळून काढला तर पुढचं चाक मोठं दिसतं आणि गणित चुकतं. मग फोटो असा प्रिंट करा की पट्टी कागदावर बरोबर २० सेंटीमीटर येईल, ए थ्री कागदात बसतं. आता कात्रीने तुमची नि गाडीची आकृती कापा, आणि त्याच कागदातून २० बाय २० सेंटीमीटरचा चौकोन कापा. तो चौकोन म्हणजे खरा एक चौरस मीटर, ८० जीएसएमचा कागद असेल तर वजन ३.२ ग्रॅम. दोन्ही कागद सराफाच्या काट्यावर वजन करा. आकृतीचं वजन भागिले चौकोनाचं वजन, झालं तुमचं क्षेत्रफळ. गुडघे बाहेर, डोकं वर, दोन्ही फोटो काढा, कुठला कागद हलका ते बघा.

आकार कसा गुळगुळीत आहे ते यातून कळत नाही, त्याला लोकरीचे तुकडे चिकटवून उतारावर... नको, रस्ता_सोडू_नका रागावतील. ते धावपट्टी मिळाली की बघू.

रस्ता_सोडू_नका

रागावलोच असतो.

लेथवाला_कोल्हापूर

गुजरीत मामाचं दुकान आहे, काटा मिळेल. ते सोनं तोलताना मी कागद तोलत बसणार, मामाचं गिऱ्हाईक बघत राहील 😂 आकडे इथं टाकतो. धूरवाले दादा, पोर्टिंगचं काम तुम्ही घ्याल का? सिलिंडर एसटी पार्सलने पाठवला तर चालेल?

धूरवाला_पुणे

घेतो, पण दिवाळीनंतर पाठव, आत्ता बाकावर सात सिलिंडर पडलेत. पाठवताना पोर्टमध्ये कापूस भर आणि लाकडी खोक्यात घाल. सोबत क्रँककेसच्या ट्रान्सफरच्या (केसमधून सिलिंडरात मिश्रण जायच्या वाटेच्या) तोंडाचा कागदावर ठसा पण काढून पाठव, नाहीतर सिलिंडर आणि केस जुळायचे नाहीत.

ॲडलेडची_वहिनी

आणि लेदरचा सूट आत्ताच शिवायला टाका, मापाचा. तयार घेतलेला पोटावर झोपल्यावर पाठीवर वर येतो आणि मानेत हवा भरते, मग तुमचा तो हलका कागद कशाला केलात.

फुकट_फौजदार

आकडे टाक रे. बघू तरी.